उगवलेल्या बुरशीची साक्ष

रोग्याच्या मांसात जंतू दिसला की तो ओळखला गेला, असे मानण्याचा मोह वैद्यकाला वारंवार झाला आहे. कॉक्सिडियोइडिस या न्यूमोनिया घडवणाऱ्या बुरशीने तो उघडा पाडला. १८९२ मध्ये ब्वेनोस आइरेसला आलेहांद्रो पोसादास यांना एका सैनिकाच्या त्वचेत जाड कवचाचे गोळे दिसले. त्यांनी ते आदिजीव मानले. १८९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रोग्यांविषयी लिहिताना रिक्सफर्ड आणि गिलख्रिस्ट यांचाही तोच ग्रह झाला. रोग्यांचा नमुना माध्यमावर वाढवला की त्या कल्चरमध्ये बुरशी येत होती, पण ती बाहेरून शिरलेली घाण समजली गेली. १९०० मध्ये ऑफ्युल्स आणि मॉफिट यांनी मात्र तिच्याकडे दुर्लक्ष केले नाही. पुन्हा पुन्हा तीच उगवते, तर ती घाण कशी? त्यांनी ती प्राण्यांना टोचली आणि प्राण्यांच्या शरीरात तेच गोळे तयार झाले. मातीत तंतूंनी वाढणारा जीव फुप्फुसात गोळ्याचे रूप घेतो, हे रंगवलेल्या मृत मांसावरून कधीच उमगले नसते.

जिवंत बुरशी वाढवणे धोक्याचे, हा आक्षेप खराच आहे. तिचे बीजकण उघड्या बशीतून सहज हवेत उडतात. १९२९ मध्ये स्टॅनफर्डचा वैद्यकीय विद्यार्थी हॅरॉल्ड चोप याला अशाच कल्चरमधून न्यूमोनिया झाला. तो मरेल अशीच धास्ती होती. तो बरा झाला, आणि जीवघेणा मानलेला हा रोग बहुधा सौम्य असतो याचा माग त्यातून लागला. (अपघाताने इतके शिकवावे, हे प्रयोगशाळेला फारसे भूषणावह नाही.) मग रक्तातली प्रतिपिंडे किंवा त्वचेची चाचणी पुरेशी का नाही? चार्ल्स स्मिथ यांनी कॅलिफोर्नियातल्या सॅन वाकीन खोऱ्यात या चाचण्यांचा मोठा वापर केला खरा, पण त्यासाठी लागणारे कॉक्सिडियोइडिन हे द्रव्य वाढवलेल्या बुरशीच्याच द्रवातून गाळून काढावे लागे. कल्चर टाळणारी चाचणीसुद्धा कल्चरवरच उभी होती.

न्यूमोनिया घडवणारा दुसरा जंतू, न्यूमोसिस्टिस, याचा दाखला अधिक अडचणीचा. तोही दीर्घकाळ आदिजीव गणला गेला, आणि १९८८ मध्ये त्याच्या आरएनएवरूनच तो बुरशी असल्याचे ठरले. कल्चरची गरज पडली नाही. म्हणजे ओळख पटवण्यापुरता जिवंत वाढीचा मक्ता तेव्हाच संपला, हे मान्य करायला हवे. पण ओळख हा एकच प्रश्न नसतो. जंतूचा डीएनए शोधणाऱ्या पीसीआर चाचणीला मेलेल्या पेशीचा डीएनएही सापडतो, आणि रोग न करता फुप्फुसात नुसत्या राहणाऱ्या न्यूमोसिस्टिसचाही. शिवाय एखादे औषध बुरशीला रोखते का, हे पाहायला ती आधी वाढावी लागते. न्यूमोसिस्टिस नेहमीच्या माध्यमांवर वाढत नाही, म्हणून तिथे औषधाला दाद न देण्याची शंका आजही जनुकातल्या बदलांवरूनच घ्यावी लागते.