गळ, गुंता आणि कयाक

अमेरिकेत 'बास' नावाच्या गोड्या पाण्यातल्या माशामागे लाखो लोक वेडे आहेत. (नाव बास असलं तरी यांना कधी बास होत नाही. असो.) गेल्या काही वर्षांत हे वेड कयाकवर चढलंय. टेक्ससमधल्या मुक्कामात मलाही ते लागलं. दुकानातला माणूस "फिशिंग कयाक ही अगदी नवी कल्पना आहे" असं सांगायला लागला आणि माझ्या डोक्यातला इतिहासाचा किडा वळवळला. कारण खरी गोष्ट बरोबर उलटी आहे. कयाक जन्मालाच आली ती शिकारीसाठी.

तर आज दोन इतिहास सांगतो, एक रिळाचा आणि एक होडीचा. दोन्हींत खलनायक एकच आहे: दोराचा गुंता.

आधी रीळ. पतंग उडवलाय ना? ढील देताना फिरकी सुसाट सुटते, मध्येच पतंग ओढायचा थांबतो, पण फिरकी काही थांबत नाही. मग मांजाचा असा गोळा होतो की सोडवण्यापेक्षा तोडलेला बरा. बास पकडायच्या बेटकास्टिंग रिळात नेमकं हेच होतं. फेकलेलं आमिष हवेच्या विरोधाने मंदावत जातं, स्पूल मात्र जडत्वाने फिरतच राहतं. या गुंत्याला अमेरिकन लोक 'पक्ष्याचं घरटं' म्हणतात आणि ते अगदी तसंच दिसतं.

गंमत म्हणजे हे रीळ घडवलं घड्याळजींनी. केंटकी राज्यात पॅरिस नावाचं गाव आहे. तिथल्या जॉर्ज स्नायडरने साधारण १८१० ते १८२० च्या दरम्यान असं रीळ केलं की हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे अनेक फेरे व्हायचे. तसली रिळं इंग्लंडमध्ये आधीपासून होती, पण स्नायडरचं इतकं हलकं फिरायचं की रिळावरून थेट आमिष फेकता यायचं. पुढे ही कला फ्रँकफर्टच्या मीक बंधूंनी वाढवली. तेही घड्याळजीच. दातेरी चाकं घासून घासून बसवायची सवय दुसऱ्या कुणाला असणार?

पण चाक जितकं हलकं तितका गुंता जास्त. त्यावर शंभरेक वर्षं मुख्य ब्रेक एकच होता, माणसाचा अंगठा! १९५०च्या दशकात स्वीडनच्या आबू कंपनीचं 'अँबॅसडर ५०००' आलं. त्यात स्पूल जोरात फिरलं की दोन छोटे ठोकळे बाहेर सरकून कडेला घासायचे आणि वेग आवरायचे. केंद्रोत्सारी ब्रेक. आता 'आबू' म्हणजे काय? स्वीडिश भाषेतल्या 'घड्याळ कारखाना' या नावाचं लघुरूप! १९२१ साली सुरू झालेली ही कंपनी घड्याळं आणि टॅक्सीचे मीटर बनवायची. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल आटलं, मीटर खपेनात, म्हणून ती रिळांकडे वळली. नंतर चुंबकाचे ब्रेक आले, आणि मग शिमानोने (हो, सायकलवालेच) रिळात चक्क चिप बसवली. अंगठ्याचं काम आता फर्मवेअर करतं. आपल्या जमातीला काम मिळालं म्हणायचं :)

अमेरिकनांना हा गुंता म्हणजे फार तर वाया गेलेली सकाळ. ग्रीनलंडमध्ये तोच गुंता जीव घ्यायचा.

तिथला इनुइट शिकारी वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा करायचा आणि त्यावर सीलचं कातडं ताणून बसवलं जायचं. मापं स्वतःच्या शरीराची, म्हणजे होडी शिवलेल्या कपड्यासारखी अंगाला बसणारी. तिच्यावरची मांडणी बघण्यासारखी असते. हार्पून बाजूला, हाताशी. समोर एक बुटकं तिवईसारखं बूड आणि त्यावर वेटोळं करून ठेवलेला दोर. पाठीमागे सीलच्या कातड्याचा फुगवलेला फुगा, दोराचं दुसरं टोक त्याला बांधलेलं. हार्पून लागला की टोक सीलमध्ये अडकून दांड्यापासून सुटायचं, वेटोळं सरसर उलगडायचं आणि शिकारी मागचा फुगा पाण्यात ढकलायचा. मग सील फुगा ओढत दमायचा, होडी मोकळी. पण तो दोर हातात किंवा होडीवरच्या कशात अडकला, की सील होडीलाच उलथवणार. तेही बर्फासारख्या पाण्यात. एकोणिसाव्या शतकातल्या ग्रीनलंडमध्ये कयाकवरून बुडणं हे पुरुषांच्या मृत्यूचं एक मोठं कारण होतं. उलटी झालेली कयाक पुन्हा सुलटी करायची कला, जी आज स्विमिंग पूलमध्ये फी भरून शिकवतात, ती या भीतीतून आलेली आहे.

युरोपने ही होडी उचलली, पण शिकार मागेच सोडली. १८६५ साली जॉन मॅकग्रेगर 'रॉब रॉय' नावाच्या कयाकसारख्या होडीतून युरोपच्या नद्या फिरला. १९०७ पासून क्लेपरच्या घडीच्या कयाक आल्या, १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकमध्ये शर्यती झाल्या. डेक मात्र रिकामा झाला होता. हार्पून, दोर, फुगा, सगळं गायब. १९७१ च्या सुमारास कॅलिफोर्नियात टिम नीमियरने सर्फबोर्डमध्ये खोबण कोरून वर बसायची होडी केली. त्यातून पुढे भोकांवाटे पाणी आपोआप निघून जाणारी प्लॅस्टिकची सिट-ऑन-टॉप कयाक आली. ती उलटली तर तुम्ही आत अडकत नाही, नुसते पाण्यात पडता. १९९७ मध्ये होबीने पायाने चालणारी कयाक काढली आणि वल्ह्यात अडकलेले दोन्ही हात सुटले. मग लोकांनी डेकवर पुन्हा सामान मांडायला सुरुवात केली आणि दुकानदाराला ती नवी कल्पना वाटली!

स्नायडर आणि मीक यांची नावं संग्राहकांना पाठ आहेत. कयाकची रचना शोधणाऱ्या एकाचंही नाव कुणाला सांगता येत नाही, हे मला खटकतं. जास्त कठीण काम त्यांचं होतं.

आता तुम्ही पहिली कयाक सजवणार असाल तर डोळ्यांसमोर तो ग्रीनलंडचा डेक ठेवा. हालचालीचा क्रम ठरवा आणि त्या क्रमाने वस्तू लावा. उठून किंवा मागे वळून घ्यावी लागणारी वस्तू नकोच. रॉड दोन पुरेत, साधारण सात फुटी, पण मूठ आखूड, नाहीतर बसून फेकताना ती जॅकेटला अडकते. एक बेटकास्टर जड आमिषासाठी, दुसरी स्पिनिंग हलक्यासाठी. वापरात नसलेली मागे होल्डरमध्ये. बेटकास्टरवर सुरुवातीला १२ ते १५ पौंडी मोनोफिलामेंटच घाला, ते गुंतलं तरी सुटतं. ब्रेडेड दोर नवशिक्याला रडवतो. हँडलजवळची ताण-चकती अशी फिरवा की आमिष सोडल्यावर हळूहळू उतरेल आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबेल. अंगठा तरीही ठेवायचाच. गिअर रेशो सातच्या आसपासचा घ्या, कारण होडी वाऱ्याने माशाकडे सरकत असते आणि दोर सैल पडतो.

प्रत्येक वस्तूला दोरी बांधा असा सल्ला सगळे देतात. मी म्हणेन, कमीत कमी बांधा, कारण पडल्यावर त्याच दोऱ्या पायात येतात. वल्हं आणि एक रॉड, बास. नांगर कडेला मध्यावर कधीही नको. वाहत्या पाण्यात होडी आडवी होऊन उलटते. कडेने कप्पीवर फिरणारी दोरी लावून तो टोकाला न्या, आणि गाठ एका ओढीत सुटणारी मारा. लाइफ जॅकेट अंगात, सीटमागे नाही. सुरी जॅकेटवरच, दोन्हींपैकी कुठलाही हात पोचेल अशी.