रमाकांत देसाई : लहान चणीचा जलद गोलंदाज

जलद गोलंदाज म्हटला कीं उंच, रुंद खांद्यांचा, दूरवरून धांवत येणारा गडी डोळ्यांपुढें उभा राहतो. इंग्लंडांत असे गोलंदाज पिढ्यान्‌पिढ्या निपजले. कोळशाच्या खाणींच्या मुलुखानेंच त्या देशाला लारवूड आणि ट्रूमन दिले. हिंदुस्थानांत मात्र १९३२ सालीं लॉर्ड्सवर उतरलेल्या महंमद निसार व अमरसिंग या जोडीनंतर ही परंपरा खुंटली. येथील खेळपट्ट्या मंद आणि ऊन प्रखर. तेव्हां चार षटकांत चेंडूची लकाकी घालवून तो फिरकी गोलंदाजाच्या हातीं द्यावा, हाच रिवाज पडला.

या रिवाजाला अपवाद ठरले ते रमाकांत भिकाजी देसाई. त्यांचा जन्म २० जून १९३९ रोजीं मुंबईंत झाला. उंची अवघी पांच फूट चार इंच. म्हणून सोबत्यांनीं त्यांना 'टायनी' हें नांव दिलें. परंतु या ठेंगणेपणांतच त्यांचें बळ होतें. उंच गोलंदाजाचा आखूड टप्प्याचा चेंडू फलंदाजाला आधींच कळतो. देसायांचा चेंडू सरपटत यावा तसा येई आणि अकस्मात् छातीवर उसळे.

१९५८-५९ च्या पहिल्याच मोसमांत त्यांनीं रणजी स्पर्धेंत दर बळीमागें सुमारें ११ धांवा देऊन ५० गडी बाद केले. त्याच मोसमांत, फेब्रुवारी १९५९ मध्यें, दिल्लीस वेस्ट इंडीजविरुद्ध ते कसोटींत उतरले. वय एकोणीस, प्रतिपक्षाच्या धांवा ६४४. त्या डावांत या पोरसवदा गोलंदाजानें ४९ षटकें टाकून चार बळी मिळविले. पुढें त्याच वर्षीं लॉर्ड्सवर ८९ धांवांत पांच गडी टिपले. १९६०-६१ सालीं मुंबईस पाकिस्तानविरुद्ध दहाव्या क्रमांकावर येऊन ८५ धांवा काढल्या, आणि नाना जोशी यांच्यासह नवव्या जोडीसाठीं १४९ धांवांची भर घातली.

त्यांच्या धैर्याची खरी कसोटी मात्र चेंडूनें नव्हे, बॅटीनें झाली. फेब्रुवारी १९६८ मध्यें न्यूझीलंडांत डनेडिन येथें मोट्झ यांच्या चेंडूनें त्यांचा जबडा मोडला. तरी ते मैदान सोडून गेले नाहींत. बेदी यांच्या साथीनें त्यांनीं अखेरच्या जोडीसाठीं ५७ धांवा जोडल्या व स्वतः ३२ वर नाबाद राहिले. न्यूझीलंडच्या ३५० धांवांना भारतानें ३५९ धांवांनीं उत्तर दिलें. ही नऊ धांवांची आघाडी त्या भागीदारीवांचून मिळाली नसती. तो सामना भारतानें पांच गडी राखून जिंकला. परदेशीं मिळालेला तो पहिलाच कसोटी विजय, आणि देसायांचा तो अखेरचा कसोटी सामना.

अठ्ठावीस कसोटींत ७४ बळी, दर बळीमागें ३७ धांवा, हा हिशेब कागदावर सामान्य दिसतो. पण दुसऱ्या टोंकाकडून तोडीचा जलद साथीदार क्वचितच लाभावा, खेळपट्टीनें साह्य करूं नये आणि भार मात्र त्याच लहानशा देहावर पडावा, हें त्या आंकड्यांत लिहिलेलें नसतें. विशीच्या अखेरीसच त्यांची कसोटी कारकीर्द संपली, याचें कारणहि बहुतांशीं हेंच असावें. पुढें १९९६-९७ मध्यें ते निवडसमितीचे अध्यक्ष झाले. २७ एप्रिल १९९८ रोजीं त्यांचें निधन झालें. मंद खेळपट्टीच्या देशांतहि वेगाची हौस धरणाऱ्या प्रत्येक मुलाची वाट त्यांनीं थोडी सोपी करून ठेविली आहे.