गणवेशाचा खटला, निकाल इतिहासाचा

१९७८ साली बर्मिंगहॅममधील पार्क ग्रोव्ह या खासगी शाळेने एका शीख मुलाला प्रवेश नाकारला. केस कॉलरला लागता कामा नयेत, असा शाळेचा नियम होता. मुलगा केस कापणार नव्हता आणि पगडीही उतरवणार नव्हता.

मुख्याध्यापकांना शिखांचा द्वेष होता असे म्हणता येत नाही. शाळेत पाच शीख मुले शिकत होती. वंश आणि वर्ग यांतील बाह्य भेद गणवेशाने झाकले जावेत आणि शाळेची ख्रिस्ती प्रतिमाही टिकावी, अशी त्यांची भूमिका होती. भेद झाकायचे, पण एका धर्माची प्रतिमा जपायची, हा विसंवाद त्यांना जाणवला नसावा.

खरा पेच कायद्यात होता. ब्रिटनच्या १९७६च्या वंशसंबंध कायद्याने वर्ण, वंश, राष्ट्रीयत्व आणि वांशिक वा राष्ट्रीय मूळ यांवरून होणाऱ्या भेदभावास बंदी घातली होती. त्या यादीत धर्म नव्हता. त्यामुळे शीख हा केवळ धर्मसमुदाय नसून वांशिक गट आहे, हे मुलाच्या वडिलांना सिद्ध करावे लागणार होते.

कनिष्ठ न्यायालयात ते हरले. १९८२ साली अपील न्यायालयातही हरले. लॉर्ड डेनिंग यांनी शब्दकोश चाळून ठरवले की शीख इतरांहून वेगळे आहेत ते धर्माने आणि संस्कृतीने, वंशाने नव्हे.

२४ मार्च १९८३ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने हा निकाल एकमताने फिरवला. रक्ताच्या नात्याचा शास्त्रीय पुरावा मागण्यात अर्थ नाही, हे लॉर्ड फ्रेझर यांनी ओळखले. त्यांनी दोन अनिवार्य निकष मांडले: गटाला आपला वाटणारा प्रदीर्घ सामायिक इतिहास आणि स्वतःची सांस्कृतिक परंपरा. समान भाषा, साहित्य, भौगोलिक मूळ या गोष्टी पूरक. शीख या कसोटीला उतरले.

शाळेचा आणखी एक युक्तिवाद होता: शीख मुलगा पगडी उतरवू ‘शकतो’, तेव्हा नियम पाळणे त्याला अशक्य नाही. फ्रेझर यांनी तोही फेटाळला. ‘शकणे’ म्हणजे हातांनी पगडी सोडता येणे नव्हे; आपल्या समाजाच्या रूढींशी सुसंगत राहून नियम पाळता येणे. गणवेशाच्या वादांत या निकालाचे सर्वांत मोलाचे वाक्य कदाचित हेच.

तोवर तो मुलगा पगडीला मुभा देणाऱ्या दुसऱ्या शाळेत शिकू लागला होता.

इतिहासाच्या निकषाची दुसरी धार पुढे दिसली. लांब जटांमुळे नोकरी नाकारल्या गेलेल्या एका रास्ताफारीचे प्रकरण १९९३ साली अपील न्यायालयात आले. रास्ताफारींचा इतिहास जेमतेम साठ वर्षांचा. तो ‘प्रदीर्घ’ ठरला नाही, आणि दावा फेटाळला गेला.