ढळणारा स्वर आणि दुरुस्तीचा हात : ॲनालॉग सिंथेसायझरच्या देखभालीचा इतिहास

विद्युतदाबाच्या चढउतारांतून ध्वनी घडवणाऱ्या ॲनालॉग सिंथेसायझरच्या दुरुस्तीचा इतिहास त्याच्या निर्मितीइतकाच जुना आहे, कारण या वाद्याचा सर्वांत चिवट दोष त्याच्या मूळ तत्त्वातूनच आलेला होता. रॉबर्ट मूग यांनी 1964 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ट्रुमन्सबर्ग येथे जी यंत्रणा उभी केली, तिच्यात दाब एका व्होल्टने वाढला की स्वर बरोबर एका सप्तकाने चढावा असे ठरलेले होते आणि पुढे बहुतेक अमेरिकी उत्पादकांनी हेच प्रमाण स्वीकारले. सप्तक चढताना कंप्रता, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या, दुप्पट होत असल्याने दाबातील समान वाढीचे कंप्रतेच्या पटीत रूपांतर करणे आवश्यक होते. हे काम ट्रान्झिस्टरच्या एका अंगभूत गुणावर सोपवण्यात आले : त्याच्या दोन अग्रांमधील दाब सुमारे 18 मिलिव्होल्टने वाढवला की त्यातून वाहणारा प्रवाह दुप्पट होतो.

अडचण अशी की हा आकडा तापमानाबरोबर बदलतो आणि हा बदल दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.33 टक्के इतका असतो. कोणतीही भरपाई केली नाही, तर दहा अंशांच्या फरकाने तीन सप्तके दूरचा स्वर अर्ध्या स्वराहूनही अधिक ढळतो, आणि संगीतात एवढा ढळ म्हणजे स्वर सरळ चुकणेच होय. त्यावर दोन उपाय योजले गेले : एकसारख्या गुणांच्या ट्रान्झिस्टरांची जोडी वापरायची आणि तिला चिकटून असा रोध बसवायचा, ज्याचे मूल्य तापमानाबरोबर त्याच प्रमाणात वाढते. दुरुस्ती करणाऱ्याने हा रोध बदलताना जोडीपासून किंचित दूर बसवला किंवा दोघांमधील उष्णतावाहक लेप पुन्हा लावला नाही, तर मोजमापात सगळे बरोबर दिसते आणि वाद्य मात्र बेसूर होत राहते.

संगीतकार वेंडी कार्लोस यांच्या 1968 मधील ‘स्विच्ड-ऑन बाख’ या ध्वनिमुद्रिकेचे काम याच अस्थिरतेशी झुंजत पूर्ण झाले. एका वेळी एकच स्वर देणाऱ्या मूग यंत्रावर छोटे छोटे तुकडे मुद्रित करायचे आणि मैफलीत तंबोरा पुन्हा पुन्हा मिळवावा तसे यंत्र सारखे सुरात आणायचे, हाच त्या कामाचा क्रम होता. 1970 मध्ये बाजारात आलेल्या मिनीमूगने हे वाद्य स्टुडिओबाहेर रंगमंचावर नेले आणि त्याबरोबर बिघाडांचे स्वरूपही बदलले. प्रवासाचे हादरे, दिव्यांची उष्णता आणि धूळ यांचा मारा आता कळफलकावर होऊ लागला. मिनीमूगच्या प्रत्येक पट्टीखाली स्प्रिंगसारखी बारीक तार असते आणि पट्टी दाबताच ती एका धातूच्या दांड्याला टेकते. त्या दोहोंवर मळ साचला की स्वर अडखळतो, कधी दोनदा वाजतो, कधी लागतच नाही. अशा वेळी तार न वाकवता ती हळुवार पुसून घेणे, हे काम दिसायला क्षुल्लक असले तरी त्यात अनुभवी हाताची परीक्षा होते.

बिघाड शोधण्याचा जो क्रम या व्यवसायात रूढ झाला, त्यात वीजपुरवठा नेहमी प्रथम तपासला जातो. मिनीमूगमध्ये अधिक 10 आणि उणे 10 व्होल्ट हवेत. तिथेच चूक असेल तर पुढची सारी जुळवाजुळव व्यर्थ जाते. विद्युतभार साठवणारे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षानुवर्षांनी आतून सुकतात, त्यांची धारणक्षमता घटते आणि घरगुती विजेची गुणगुण आवाजात उतरते. त्यानंतर ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे लहरींचा आकार पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणाच्या साह्याने ध्वनीचा मार्ग स्वर निर्माण करणाऱ्या ऑसिलेटरपासून आवाजाचा पोत घडवणाऱ्या फिल्टरपर्यंत टप्प्याटप्प्याने तपासला जातो. अनेक स्वर एकत्र देणाऱ्या वाद्यांत एकाच वेळी वाजणाऱ्या प्रत्येक स्वरासाठी स्वतंत्र मार्ग असल्याने आणखी एक सोय असते : निरोगी स्वरमार्गाशी आजारी मार्गाची तुलना करता येते.

या इतिहासातील विचार करायला लावणारा भाग असा की पुढे दुरुस्तीला अडथळा ठरलेल्या अनेक गोष्टी मुळात वाद्याच्या किंवा उत्पादकाच्या संरक्षणासाठी केलेल्या होत्या. ॲलन पर्लमन यांच्या एआरपी कंपनीने 2600 आणि ओडिसी या वाद्यांतील महत्त्वाचे भाग एपॉक्सीच्या, म्हणजे दगडासारख्या घट्ट होणाऱ्या रासायनिक लेपाच्या ठोकळ्यात बंद केले. त्यामुळे मंडल प्रतिस्पर्ध्यांच्या नजरेआड राहत असे आणि आतील भागांचे तापमानही समान राही. पण एक ट्रान्झिस्टर निकामी झाला की सगळा ठोकळा निरुपयोगी ठरे. कंपनी 1981 मध्ये बुडाल्यावर बदली ठोकळे मिळेनासे झाले आणि दुरुस्ती करणाऱ्यांना तो लेप फोडून आतले मंडल स्वतःच उलगडावे लागले. रोलंडच्या 1984 च्या जुनो-106 मध्ये सहा स्वरमार्गांसाठी 80017ए या सहा लेपबंद चकत्या होत्या. कालांतराने लेपच बिघडून आतील प्रवाहाला नको त्या वाटा मिळू लागल्या. परिणामी स्वरमार्ग आळीपाळीने वापरले जात असताना दर सहावा स्वर करकरतो, फाटतो किंवा थांबतच नाही. ‘की ट्रान्स्पोज’ कळ दाबून धरत यंत्र सुरू केले की तपासणीची अवस्था सुरू होते, वाजणाऱ्या मार्गाचा क्रमांक पडद्यावर दिसतो आणि दोषी चकती लगेच सापडते. मग ती काढून ॲसिटोनमध्ये भिजवतात, मऊ झालेला लेप सोलून काढतात आणि बऱ्याचदा ती पुन्हा चालू होते. कॉर्गच्या 1981 च्या पॉलिसिक्समध्ये संगीतकाराचे जुळवलेले आवाज स्मरणात ठेवण्यासाठी बसवलेली निकेल-कॅडमियम बॅटरी गळते आणि तिच्यातील अल्कली मंडलफलकावरील तांब्याच्या रेषा कुरतडते. तेव्हा सौम्य आम्लाने अल्कली निष्प्रभ करून तुटलेली प्रत्येक रेषा बारीक तारेने जोडावी लागते.

सिक्वेन्शल सर्किट्सच्या 1978 च्या प्रॉफेट-5 मध्ये सूर जुळवण्याचे काम सूक्ष्मप्रक्रियकाकडे गेले आणि 1980 च्या आवृत्तीत डग कर्टिस यांच्या चिप आल्या, ज्यांत संपूर्ण ऑसिलेटर त्याच्या तापमान-भरपाईसह एकाच तुकड्यात सामावला होता. सुराची स्थिरता वाढली, मात्र देखभाल त्या एका चिपच्या पुरवठ्यावर अवलंबून राहिली. 1983 मध्ये यामाहाचे डिजिटल डीएक्स7 आल्यावर ॲनालॉग वाद्यांच्या किमती कोसळल्या, उत्पादन आटले आणि सुटे भाग दुर्मीळ झाले.

भारतातही ही वाद्ये पोहोचली होती. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी 1969 मध्ये मूग यंत्रणा उभी केली, तर मुंबईत चरणजित सिंग यांनी 1982 च्या रागांवरील ध्वनिमुद्रिकेत रोलंडची जुपिटर-8, टीबी-303 आणि टीआर-808 ही यंत्रे वापरली. मुंबईची दमट, खारी हवा धातूचे संपर्कबिंदू आणि सरकत्या नियंत्रकांना विशेष मारक असते, त्यामुळे अशा शहरात जपून ठेवलेल्या यंत्राची पहिली सेवा बहुतेक वेळा संपर्कबिंदूंच्या सफाईपासूनच सुरू होते.

एकविसाव्या शतकात या वाद्यांना पुन्हा मोल आले तशी सुट्या भागांची नवनिर्मितीही सुरू झाली. लॅटव्हियातील एका कारखान्याने कर्टिस यांच्या ऑसिलेटर चिपची प्रतिकृती बाजारात आणली आणि 2016 मध्ये मूळ सीईएम3340 सुद्धा पुन्हा उपलब्ध झाली. 80017ए ला नव्या बांधणीचे पर्यायही मिळू लागले. त्यातून निर्माण झालेला प्रश्न आजही प्रत्येक जुनोपाशी उभा राहतो : फक्त निकामी झालेली चकती बदलायची, की सहाही स्वरमार्ग एका जातीचे राहावेत म्हणून चालू असलेल्या पाच जुन्या चकत्याही काढायच्या. जुन्या चकत्या चालत असतील तोवर त्या ठेवाव्यात आणि नवी चकती त्यांच्या आवाजाशी जुळवून घ्यावी, हा मार्ग अधिक कष्टाचा असला तरी मूळ वाद्याचा अधिक भाग त्यानेच टिकतो.