शंभर टक्के कॉटन, पण कुठलं?

आजचा विषय आहे कपड्याच्या आतल्या बाजूला शिवलेली ती छोटीशी पट्टी. '१०० टक्के कॉटन', नाहीतर '६५ टक्के पॉलिस्टर'. ही पट्टी वाचून एखादा ब्रँड पर्यावरणाची काळजी घेतो की नाही, हे ठरवणारे बरेच जण आहेत. कापूस चांगला, पॉलिस्टर वाईट, संपला विषय! पण हिंगोली जिल्ह्यातल्या साखऱ्यासारख्या गावात उभं राहून बघितलं, तर हा हिशोब एवढा सरळ राहत नाही.

कापडात काय आहे यावरून ते पारखायची सवय जुनीच. मुंबई इलाख्यात १८२९ साली कापसातल्या भेसळीविरुद्ध नियम झाला. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला, इकडचे भाव कडाडले आणि १८६३ साली आणखी कडक कायदा आला. रुईत सरकी, माती, पाणी मिसळून वजन वाढवायचे ना, त्यासाठी. काळजी कुणाची होती? विलायतेतल्या गिरण्यांची. पिकवणाऱ्याचं काय होतंय, हा प्रश्न त्यात नव्हताच. आपली हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे मुंबईचा कायदा इथे लागूच नव्हता. पैनगंगेपलीकडचं वऱ्हाड मात्र १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात गेलेलं.

मग गांधीजींनी प्रश्नच बदलला. धागा कशाचा, यापेक्षा तो कुणाच्या हातांनी कातला? १९५६च्या खादी आयोगाच्या कायद्यातली व्याख्या बघा: हाताने कातलेलं सूत, हातमागावर विणलेलं कापड. सूत कापसाचं, रेशमाचं किंवा लोकरीचं चालेल, पण हात पाहिजेत. याचं ठळक उदाहरण शेजारच्या नांदेडात आहे. तिथली मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज तयार करते. भारतीय मानक संस्थेचं अगदी पहिलं मानक, आयएस १, हे राष्ट्रध्वजाचंच. कापड, रंग, मापं, सगळं ठरलेलं. आणि डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहिता बदलली. यंत्रावर बनलेला, पॉलिस्टरचा झेंडासुद्धा चालू लागला. झेंडे स्वस्त झाले हे खरं, पण कातणाऱ्या-विणणाऱ्या बायामाणसांच्या पोटावर पाय येणार, ही खादीवाल्यांची तक्रार मला रास्त वाटते.

पॉलिस्टरची गोष्ट थोडक्यात. १९४१ साली इंग्लंडमध्ये हा धागा शोधला गेला, खनिज तेलापासून. आपल्याकडे १९८० नंतर पाताळगंगेला मोठा कारखाना आला आणि माल स्वस्त झाला. टेरिकॉटचा शर्ट वर्षानुवर्षं फाटायचा नाही, हेही लक्षात ठेवा बरं का! पाच वेळा घालून टाकून दिलेल्या सुती कुर्त्यापेक्षा तो वाईट कसा म्हणायचा? मात्र धुताना त्याचे बारीक तंतू पाण्यात जातात आणि ते कुजत नाहीत. तो दोष खराच आहे.

आता कापूस. मराठवाड्यातला बहुतेक कापूस कोरडवाहू, पावसावरचा. 'एका टीशर्टला हजारो लिटर पाणी' हा आकडा सगळे सांगतात, पण ते पाणी पावसाचं की कालव्याचं, हे पट्टीवर कुठे असतं? पूर्वी इकडे गावरानी देशी कापूस असायचा. मग संकरित आला, २००२ साली बीटीला परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच शेतं बीटीने भरली. बोंडअळीने पुढे त्यालाही दाद दिली नाही. फवारणी पुन्हा वाढली. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन विसाच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या शेतांतल्या कापसाचा कपडा शिवला, तरी पट्टीवर '१०० टक्के कॉटन' एवढंच येणार.

'मग सेंद्रिय लिहिलेलं घेऊ,' असं कुणी म्हणेल. २०२० साली सेंद्रिय कापडाचं मानक ठरवणाऱ्या 'गॉट्स' या आंतरराष्ट्रीय संस्थेनेच जाहीर केलं की भारतात सुमारे २०,००० टन कापूस खोट्या कागदांवर सेंद्रिय म्हणून दाखवला गेला. हे जमतं कसं? वेचलेला कापूस व्यापाऱ्याकडे, तिथून जिनिंगला जातो. दहा गावांचा माल एका ढिगात पडतो, सरकी निघते, रुईच्या गाठी बांधल्या जातात. गाठ बांधली की साखऱ्याचा कापूस कुठला आणि शेजारच्या गावाचा कुठला, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून ब्रँडला विचारायचंच असेल तर टक्केवारीच्या पुढचं विचारा: जिनिंग कुठलं, गावं कुठली, शेतकऱ्याला भाव काय दिला? पुढच्या भागात आपण त्या जिनिंगमध्येच जाऊ.