बालाघाटच्या बोली आणि खेळाचे भाषांतर

इ. स. १९१८ साली बालाघाट जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंह मसराम या गोंड गृहस्थांनी आपल्या मातृभाषेकरिता एक स्वतंत्र लिपी रचली. अक्षरांची ठेवण त्यांची स्वतःची; स्वर, व्यंजने, मात्रा आणि जोडाक्षरे ही व्यवस्था मात्र ब्राह्मीच्या कुळातील लिप्यांच्याच वळणाची. ही लिपी सरकारी शाळेच्या पाटीवर आली नाही, कचेरीच्या कागदावर तर नाहीच नाही. पुढे ९९ वर्षांनी, म्हणजे २०१७ च्या जून महिन्यात, साऱ्या जगातील संगणकांना समान असा जो युनिकोड नावाचा अक्षरकोश आहे, त्याच्या दहाव्या आवृत्तीत 'मसराम गोंडी' या नावाने तिला स्थान मिळाले. एका माणसाने एका आडबाजूच्या जिल्ह्यात आखलेली अक्षरे आता कोणत्याही मोबाइलच्या पडद्यावर उमटू शकतात. परंतु त्या पडद्यावर जे खेळ चालतात, त्यांत गोंडीचा एक शब्द सहसा ऐकू यावयाचा नाही.

दूरदूरच्या गावी बसलेले अनेक खेळाडू ज्यांत एकाच वेळी, एकाच डावात उतरतात, ते ऑनलाइन खेळ कोणत्या भाषांत आणावेत, हा प्रश्न आज नव्या धंद्याचा म्हणून विचारला जातो. वस्तुतः तो फार जुना आहे, आणि त्याचा विचार मुंबई-पुण्याच्या कचेरीत बसून करण्यापेक्षा बालाघाटसारख्या सीमेवरील जिल्ह्यात उभे राहून केलेला बरा.

बालाघाट म्हटले की आपल्याकडील वाचकास मराठवाड्यातील डोंगररांग आठवेल. ते बालाघाट निराळे. हा जिल्हा मध्य प्रदेशच्या दक्षिण टोकास, वैनगंगेच्या काठी, आजच्या गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांना लागून आहे. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातील हा मुलूख १८५४ साली इंग्रजांकडे गेला. १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला आणि १८६७ साली मंडला, शिवनी व भंडारा या तीन जिल्ह्यांचे तुकडे जोडून बालाघाट जिल्हा बनविण्यात आला. तीन मुलखांचे तुकडे म्हणजे तीन बोलींचे तुकडे. घाटाच्या वर बैहरच्या पठारावर गोंड आणि बैगा. घाटाखाली वारासिवनी, कटंगी, लांजी या भातशेतीच्या पट्ट्यात पोवार, मरार, लोधी, कोष्टी आणि इतर अनेक जाती. पोवारांच्या परंपरेत मूळ स्थान माळव्याकडचे सांगतात. त्यांची पोवारी हिंदीच्या घरची असली तरी मराठीच्या शेजारात वाढलेली आहे. लांजीच्या बाजारात ती ऐकताना मराठी माणूस अर्धे समजतो आणि उरलेले समजल्याचा आव आणतो.

आता राज्यकर्त्यांनी या मिश्रणाचे काय केले ते पाहावे. मध्य प्रांतात नागपूर, वर्धा, भंडारा आणि चांदा हे चार मराठी जिल्हे मानले जात. बालाघाट त्याच नागपूर विभागात असूनही त्याची गणना हिंदी जिल्ह्यांत होई. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिले. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. सीमारेषेच्या अलीकडे शाळेत मराठी, पलीकडे हिंदी. आणि रेषेच्या दोन्ही बाजूंस घरात तीच पोवारी, रानात तीच गोंडी. रेषा आखणाऱ्यांनी हे दुष्टपणाने केले असे म्हणण्याचे कारण नाही. प्रशासनास एका खणात एकच भाषा लागते, आणि त्याने ती निवडली.

खेळाचा व्यापारी नेमकी हीच चूक पुन्हा करतो. त्याच्या हाती भाषांची यादी येते ती राज्यांच्या नकाशावरून किंवा जनगणनेच्या तक्त्यावरून, आणि या याद्या कशा बनल्या हे त्यास ठाऊक नसते. सर जॉर्ज ग्रीअर्सन यांचे भारतीय भाषांचे सर्वेक्षण १९०३ ते १९२८ या काळात खंडशः प्रसिद्ध झाले. त्यात प्रत्येक भाषेचा नमुना म्हणून बायबलातील उधळ्या पुत्राची एकच गोष्ट शेकडो भाषा-बोलींत उतरवून घेतलेली आहे. एकच मजकूर सर्व भाषांत नेण्याचा एवढा मोठा उद्योग या देशात त्यापूर्वी झाला नव्हता. त्या महाग्रंथात पोवारी ही पूर्व हिंदीतील बघेलीच्या मिश्र बोलींत घातली गेली. आणि १९०५ साली निघालेल्या मराठीच्या खंडात कोंकणी ही मराठीची बोली म्हणून बसविली गेली.

या पत्रिकेच्या वाचकांस पुढची हकीकत सांगावयास नको, तरी सालांची उजळणी करतो. साहित्य अकादमीने कोंकणीस स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून १९७५ साली मान्यता दिली. गोव्याचा राजभाषा कायदा १९८७ साली झाला. आणि १९९२ साली ७१ व्या घटनादुरुस्तीने ती आठव्या परिशिष्टात आली. ग्रीअर्सनच्या खणातून बाहेर पडावयास कोंकणीला सत्त्याऐंशी वर्षे लागली, आणि त्या वर्षांत आपल्यापैकी मराठीचे अभिमानी आणि कोंकणीचे अभिमानी एकमेकांस काय काय बोलले ते आठवून आज दोघांसही थोडे अवघडल्यासारखे व्हावे. पोवारी अद्याप त्या खणातच आहे. २०११ च्या जनगणनेत हिंदी या शीर्षकाखाली पन्नासांहून अधिक मातृभाषा एकत्र मोजल्या आहेत, त्यांत सव्वातीन लाखांच्या आसपास माणसांची पोवारी आहे. ज्या व्यापाऱ्याने शीर्षकच वाचले, त्याच्या लेखी ही माणसे हिंदी भाषक झाली. (त्याच जनगणनेत आमची मालवणी कोंकणीखाली मोजलेली आहे, हे सावंतवाडीकडील वाचकांनी शांतपणे घ्यावे.)

गोंडीची गोष्ट याहून वेगळी. ती कोणाची बोली नव्हे. तमिळ-तेलुगूच्या द्राविड कुळातील ती स्वतंत्र भाषा आहे आणि २०११ साली तिचे बोलणारे २९ लाख ८४ हजार होते. कोंकणीचे त्या वर्षी २२ लाख ५६ हजार होते. म्हणजे संख्येच्या तराजूत गोंडी जड. तरी आठव्या परिशिष्टातील २२ भाषांत कोंकणी आहे, गोंडी नाही. गोंडी अनेक राज्यांत विखुरलेली असून तिचे स्वतःचे असे राज्य एकही नाही, हे त्याचे मोठे कारण होय. यास्तव संख्या पाहून भाषा निवडावी हे सूत्र ऐकावयास न्याय्य वाटले तरी प्रत्यक्षात कोणी पाळीत नाही. पाहिली जाते ती सत्ता आणि बाजारपेठ.

येथे कोणी म्हणेल की खेळाला भाषा हवी कशाला? खेळ खुणांनी चालतो. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि त्याचा उत्तम दाखला सावंतवाडीच्या गंजिफ्यात सापडतो. गंजिफा इराणकडून आला. बाबराच्या आत्मचरित्रात त्याचा उल्लेख आहे. मोगली जोडात आठ रंग आणि ९६ पाने. आपल्याकडे आल्यावर त्याचे दहा रंग आणि १२० पाने झाली, कारण प्रत्येक रंग विष्णूच्या एका अवताराचा झाला. ताज आणि शमशेर यांच्या जागी मत्स्य आणि कूर्म आले. राजा आणि प्रधान यांची पाने मात्र राहिली. हेही भाषांतरच होय, आणि फार सुंदर भाषांतर होय. खेळाचे गणित तसेच ठेवून त्याचा देव बदलला, आणि पानावर अक्षर लिहिण्याची गरजच पडली नाही.

परंतु गंजिफा खेळणारे तिघे एका सतरंजीवर बसत. ज्याला नियम कळला नाही त्यास शेजारचा सांगे. ऑनलाइन डावात शेजारचा नाही. त्याचे काम पडद्यावरील वाक्याने करावयाचे असते. आणि वाक्य आले की व्याकरण आले. इंग्रजी खेळ एका क्रियापदात सर्व खेळाडूंस 'जिंकल्याचे' सांगतो. मराठीत 'तू जिंकलास' की 'तू जिंकलीस', हे ठरविल्याखेरीज वाक्य पुरे होत नाही. 'तुम्ही जिंकलात' म्हणून सुटका होते, पण दहा वर्षांच्या मुलास तुम्ही म्हणणारा खेळ थोडा तहसीलदारासारखा वाटतो. कोंकणीत तो जिखलो, ती जिखली, आणि घरातले चेडूं जिखलें. तिथे लिंगे तीन, आणि मुलीस नपुंसकलिंगी बोलण्यात माया असते. गोंडीत एकीकडे पुरुष आणि दुसरीकडे स्त्रिया, पशू, वस्तू इत्यादी उरलेले सर्व, अशी विभागणी आहे. शिवाय संघाने खेळावयाच्या डावात मराठीची एक सोय अशी की 'आपण जिंकलो' हे सोबत्यास आणि 'आम्ही जिंकलो' हे प्रतिपक्षास सांगता येते; हिंदीच्या एका 'हम'मध्ये हा भेद मावत नाही. हिंदीवरून मराठी भाषांतर करून घेणारा व्यापारी ही सोय गमावतो, आणि त्याची मराठी बालाघाटच्या सरकारी फलकावरील मराठीसारखी दिसू लागते.

मग एवढ्या भाषांत सारे काही न्यावे काय? याचे उत्तर गोव्याच्या इतिहासात आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपले पुराण ओवीबद्ध मराठीत रचले, ते १६१६ साली छापले गेले. आणि त्यांचीच धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी कोंकणीत १६२२ साली निघाली. त्यांचा हेतू आपणास मान्य असण्याचे कारण नाही, आणि ज्या राजवटीच्या आश्रयाने ते कार्य चालले तिने १६८४ साली कोंकणीवरच बंदीचे फर्मान काढले, हेही विसरता येत नाही. परंतु माणसाची नजर अचूक होती. पुराण ऐकावयाची भाषा मराठी आणि घरात समजावयाची भाषा कोंकणी, हे त्यांनी गोव्यातील हिंदूंपासूनच ओळखले होते. आपल्या देवळांत आजही आरती आणि कीर्तन मराठीत होते, आणि प्रसादाच्या पंगतीत 'आनीक जाय?' हे कोंकणीत विचारले जाते. कोणासही त्यात विसंगती वाटत नाही. प्रत्येक कामाची भाषा निराळी असू शकते, हे ज्ञान देवळाच्या आवारात वाढलेल्या माणसास कोणी शिकवावे लागत नाही.

खेळासही हेच लागू आहे. नियमांचे लांबलचक पान, पैशांचा व्यवहार, तक्रारीचा अर्ज, ही कचेरीची भाषा. ती बालाघाटात हिंदीत आणि सीमेपलीकडे मराठीत असावी हे योग्यच, कारण वाचावयास लोक त्याच भाषांत शिकले आहेत. परंतु 'ये', 'थांब', 'मागे सर', 'माझ्यामागून चल', 'शाबास' असे जे थोडे शब्द डावाच्या धांदलीत क्षणोक्षणी लागतात, ते मातृभाषेत असले पाहिजेत, आणि ते लिहिलेले असण्यापेक्षा बोललेले असावेत. बैहरच्या एखाद्या आजीच्या आवाजातील शाबासकी खेळात घालावयास मोठा खर्च येत नाही. हा क्रम मान्य केला तर पोवारी आणि गोंडी या दोहोंना जागा मिळते. मात्र दोहोंत आधी कोणाला हे विचारले तर प्रस्तुत लेखक गोंडी म्हणेल. पोवार मुलास हिंदी किंवा मराठी परकी नाही. गोंड मुलास दोन्ही मुळापासून परक्या आहेत.

गोंडीबाबत अडचणी आहेत हे नाकारण्यात अर्थ नाही. आदिलाबादची गोंडी आणि बालाघाटची गोंडी एकमेकींस पुरत्या समजत नाहीत. लिप्याही एकाहून अधिक: मसरामांची एक, आणि आदिलाबादकडील गुंजाळा गावच्या हस्तलिखितांतील दुसरी, जी २०१८ साली युनिकोडात आली. देवनागरी आणि तेलुगू लिप्यांतही गोंडी लिहितात. यावर आमच्या कोंकणी वाचकांनी हसू नये, कारण देवनागरी, रोमी, कन्नड आणि मल्याळम अशा चार लिप्यांत लिहिणारा समाज आपलाच आहे, आणि मंगळूरच्या सारस्वत मुलासमोर केवळ देवनागरी कोंकणी ठेवून तिला 'कोंकणी भाषांतर' म्हणणे हे अर्धेच काम होय.

लिपी कशाने रुजते याचे उदाहरण पूर्वेकडे आहे. पंडित रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ साली संथाळीसाठी ओल चिकी लिपी निर्माण केली, म्हणजे मसरामांच्या नंतर सात वर्षांनी. मुर्मू लिपी करून थांबले नाहीत; त्यांनी त्या भाषेत नाटके लिहिली, आणि नाटकांच्या मागोमाग अक्षरे गावोगाव गेली. २००३ साली संथाळी आठव्या परिशिष्टात आली, २००८ साली ओल चिकी युनिकोडात. मराठीत आपण नाटकाच्या प्रयोगालाही 'खेळ' म्हणतो. मसरामांच्या अक्षरांना असा खेळ लाभला नाही.

तो आज मोबाइलवर लाभू शकेल, पण उलट्या क्रमाने जाऊन चालणार नाही. पहिल्या खेपेस गोंडी देवनागरीतच यावी, कारण बैहरच्या मुलास शाळेमुळे तीच वाचता येते. डावात उतरताना खेळाडू आपले नाव जेथे लिहितो, त्या एका रिकाम्या जागी मात्र मसरामांची अक्षरे उमटविण्याची सोय पहिल्या दिवसापासून असावी. त्याकरिता नवा टंक पाडावयास नको; गूगलच्या नोटो मालिकेत तो तयार आहे आणि विनामूल्य मिळतो.