अळता, मेण आणि विडा

ओठांस रंग लावण्याची चाल परकी आहे, ती विलायतेहून मुंबईस आली आणि मुंबईहून गावोगाव पसरली, असे आपल्याकडील पुष्कळ जुन्या माणसांचे मत असते. गंमत अशी की, नव्या माणसांचेही मत तेच असते. जुने लोक त्यासाठी तिच्यावर रागावतात आणि नवे लोक त्यासाठीच तिच्यावर लोभ करतात. १९५२ साली टाटांच्या तेल-साबणाच्या कंपनीने फ्रेंच कंपन्यांच्या साह्याने देशातच सौंदर्यप्रसाधने काढावयास प्रारंभ केला, तेव्हा त्यांना नाव दिले 'लॅक्मे'. हे नाव देलिब या फ्रेंच संगीतकाराच्या १८८३ च्या संगीतिकेतील नायिकेचे. आणि ती नायिका हिंदू, तिचे नाव म्हणजे आपली 'लक्ष्मी'च. घरची लक्ष्मी पॅरिसचा फेरा करून परत आली तेव्हा तिला आम्ही पाहुणी समजलो. ओठांच्या रंगाचेही तसेच झाले आहे, हे आम्हांस येथे मांडावयाचे आहे. आणि त्यासाठी आम्ही माळव्यातील हातोदेस जाणार आहोत.

इंदूरहून देपालपूरकडे निघाले म्हणजे वाटेत हातोद लागते. काळी जमीन, गहू-सोयाबीनची शेते आणि बांधाबांधावर बोर-बाभूळ, असा तो मुलूख. होळकरांच्या राज्यातले हे गाव. त्याच्या नावावर कोणी मोठा इतिहास लिहिलेला नाही, आणि आम्हीही ओढून-ताणून तो तयार करणार नाही. परंतु हातोदच्या वेशीवर उभे राहिले तर उत्तरेस उज्जयिनी, दक्षिणेस महेश्वर आणि वायव्येस मंदसोर, म्हणजे प्राचीन दशपूर, अशी तीन स्थळे भोवती पडतात. ओठांच्या रंगाचा आपल्या देशातला बराच जुना आणि नेमका पुरावा याच टापूशी बांधलेला आहे. शिवाय या प्रांतातील बोर, पळस आणि कुसुंब ही लाखेच्या किड्यांची आवडती झाडे होत. म्हणजे मालही येथला आणि पुरावाही येथला.

पहिली साक्ष कालिदासाची. 'कुमारसंभवा'च्या पाचव्या सर्गात पार्वती तपास बसते, तेव्हा ओठांचा रंग ती सोडून देते. हा रंग लाक्षारसाचा होता, असा मल्लिनाथ खुलासा करतो. पुढे सातव्या सर्गात तिच्या विवाहाचा शृंगार चालला असता कवी तिच्या अधराचे वर्णन करतो आणि त्याच्या लालीला मेणाने किंचित उजाळा दिलेला आहे असे सांगतो. लगेच पुढे सखी तिच्या पायांस रंग देता देता शंकराच्या मस्तकावरील चंद्रकलेवरून थट्टा करते आणि पार्वती एक शब्दही न बोलता तिला हातातली माळ मारते. हा सारा प्रसंग इतका घरगुती आहे की, कालिदासाने तो आपल्या काळच्या एखाद्या लग्नघरात पाहून ठेवला असावा असे वाटते. जगन्मातेच्या लग्नात जे चालले ते आमच्या घरच्या लग्नात परके कसे, हा प्रश्न देवळाच्या ओसरीवर विचारण्यास हरकत नाही.

दुसरी साक्ष वात्स्यायनाची. 'कामसूत्रा'च्या पहिल्या अधिकरणात नागरकाची दिनचर्या आली आहे. सकाळी दात घासून, उटी लावून, धूप व माळ घेऊन तो ओठांस मेण व अळता लावतो, आरशात तोंड पाहतो आणि विडा घेऊन कामास लागतो. वाचकांनी येथे ध्यानात घ्यावे की हा पुरुष आहे. ओठ रंगविणे हे केवळ बायकांचे खूळ ही समजूतही मग फारशी जुनी म्हणता येणार नाही.

या ठिकाणी एक बारीक मुद्दा आहे, आणि आम्हां वकिलांस असले मुद्दे सोडवत नाहीत. सूत्रात शब्दांचा क्रम आधी मेण व मग अळता असा आहे. 'जयमङ्गला' टीका मात्र तो क्रम उलटविते. किंचित ओल्या अळत्याच्या गोळ्याने ओठ घासावे, मग तांबूल घ्यावे आणि शेवटी मेणाची गुटी फिरवावी, असे ती सांगते. सूत्र खरे की टीका? मीमांसकांनी असल्या वादाचा निकाल पूर्वीच लावून ठेवला आहे. वेदवाक्यात अग्निहोत्राचे हवन आधी सांगितले आणि यवागू, म्हणजे पेज, शिजविणे मागून सांगितले, म्हणून कोणी हवन आधी करीत नाही; कारण हवन करावयाचे ते त्या पेजेचेच. जेथे शब्दांचा क्रम व कामाचा क्रम विरुद्ध पडतात, तेथे कामाचा क्रम बलवान. टीकाकाराने हाच न्याय लावला आणि आमच्या मते त्याचा निकाल बरोबर आहे.

त्याचे कारण लाखेच्या स्वभावात आहे. लाखेचा तांबडा रंग पाण्यात उतरतो, तेलात वा मेणात उतरत नाही. आधी मेण लावून वर अळता फिरविला तर पाण्याचा रंग मेणावर ठरणार नाही. आधी अळता लावला म्हणजे तो ओठाच्या कातडीत मुरतो, आणि वरून मेणाचा हात फिरला की रंग झाकला जातो, चकाकतो व लवकर पुसला जात नाही. आजच्या कारखान्यात रंग व मेण एकत्र घोटून एका नळीत भरतात. आपल्या पूर्वजांनी ती दोन कामे दोन पायऱ्यांनी केली. रीत निराळी, हेतू एकच.

ही रीत आजही घरी करून पाहता येते. मात्र बाजारात चपडा म्हणून जी लाख मिळते ती उपयोगी नाही, कारण चपडा करताना रंग धुऊन काढलेला असतो. डहाळीवरून खरवडलेली कच्ची लाख पाहिजे. ती कुटावी, कोमट पाण्यात भिजत घालावी, कालवून पाणी तांबडे झाले म्हणजे फडक्यातून गाळावे आणि मंद आचेवर आटवावे. त्यात कापसाची चकती भिजवून सावलीत वाळविली की जुन्या तऱ्हेचा अळता झाला. वापरताना चकतीला पाण्याचा हात लावावा. मेणासाठी मधाचे पोळे वितळवून गाळून घ्यावे. वैद्यांच्या सिक्थतेलात एक भाग मेणास पाच-सहा भाग तिळाचे तेल असते. ओठांसाठी तेल त्याहून कमी घ्यावे, आणि माळव्याच्या वैशाखात तर आणखी कमी, नाही तर गुटी डबीतच पातळ होते. एकाच डबीत रंग व मेण हवे असेल तर लाखेचा हट्ट सोडावा लागतो. पंसाऱ्याकडील रतनजोतीच्या मुळ्यांचा रंग तेलात उतरतो, तो त्या कामाचा. बाजारच्या बाटलीतला 'अळता' मात्र ओठांस लावू नये. तो बहुधा कृत्रिम रंगाचे पाणी असतो. पायांपुरता ठीक आहे.

आता विड्याकडे वळू. अळता-मेणाचा सोस श्रीमंताघरचा. सर्वसामान्य घरचा ओठांचा रंग म्हणजे विडाच. आणि त्याचा शास्त्रकार पुन्हा माळव्याचाच. सहाव्या शतकातील वराहमिहिर हा अवंतीचा. उज्जैनीजवळचे कायथा हे त्याचे कपित्थक, असे विद्वान मानतात. 'बृहत्संहिते'त ग्रहांच्या व पावसाच्या गणितातून वेळ काढून त्याने विड्याचेही गणित मांडले आहे. चुना बेताचा असेल तर रंग चढतो, सुपारी अधिक झाली तर रंग उडतो, चुना अधिक झाला तर तोंडास दुर्गंध येतो आणि पान अधिक घातले तर सुवास येतो. रात्री पान अधिक असावे, दिवसा सुपारी. हे सूत्र चौदाशे वर्षांनंतरही चुकलेले नाही. सुपारीतील तुरट द्रव्य चुन्याच्या संगतीने तांबडे होते. सुपारी प्रमाणाबाहेर गेली की चुना तिला पुरा पडत नाही. ज्योतिषाला फलज्योतिषात कोणी कितीही बोल लावो, विड्याच्या बाबतीत वराहमिहिराचे भाकीत दररोज खरे ठरते.

मंदसोरची साक्ष याहून थोडी जुनी आणि थोडी धूर्त आहे. लाट देशातून, म्हणजे दक्षिण गुजरातेतून, रेशमी वस्त्रे विणणाऱ्यांची एक श्रेणी दशपुरास येऊन राहिली. त्यांनी तेथे सूर्याचे देऊळ बांधले. मालव संवत् ४९३ मध्ये ते पुरे झाले व ५२९ मध्ये त्याचा जीर्णोद्धार झाला, हे वत्सभट्टी नावाच्या कवीने रचलेल्या शिलालेखावरून कळते. देवाची स्तुती, राजाची स्तुती, नगराची स्तुती झाल्यावर कवी हळूच सांगतो की, स्त्रीजवळ तारुण्य असो, कांती असो, सोन्याचा हार, तांबूल व फुले सगळे असो, अंगावर रेशमी जोडी असल्यावाचून ती प्रियाच्या भेटीस जात नाही. देवळाच्या शिळेवर आपल्या मालाची एवढी उघड जाहिरात दुसऱ्या कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही! आपल्याला त्यातून निघते ते एवढे की, पाचव्या शतकातील माळव्यात विड्याने रंगलेले ओठ हा शृंगाराचा गृहीत धरलेला भाग होता. वाद होता तो फक्त वस्त्राचा.

विडा देवापुढे गेला, लग्नात गेला, दरबारात गेला. नैवेद्यानंतर तांबूल आलेच. लग्नात वधूवरांनी दातांनी विडा तोडण्याची मौज माळव्यातल्या मराठी घरांनीही सोबत नेली. या जुन्या रंगाविषयी आज एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. कर्करोगाच्या कारणांचा तपास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ साली, तंबाखू नसलेला सुपारीचा विडाही मनुष्यास कर्करोगकारक असल्याचा निर्णय प्रसिद्ध केला. देवापुढचा विडा देवापुढे राहावा. ओठांच्या रंगासाठी रोज तो चघळण्याचे समर्थन आता आम्ही करणार नाही.

परंतु या विषयातील खरा कडू भाग रसायनाचा नाही. यती, ब्रह्मचारी आणि विधवा या तिघांस तांबूल वर्ज्य, असे धर्मशास्त्राने सांगितले. यतीने संसार स्वेच्छेने सोडलेला असतो. ब्रह्मचाऱ्याचे व्रत ठरल्या दिवशी संपते. पार्वतीनेही पाचव्या सर्गात ओठांचा रंग सोडला तो तपासाठी, स्वतःच्या इच्छेने, आणि सातव्या सर्गात तो तिला परत मिळाला. आमच्या घरांतील विधवेस न विचारता पाचवा सर्ग दिला गेला आणि सातवा सर्ग तिच्या पोथीतून काढून टाकला गेला. आठ-नऊ वर्षांच्या मुलींच्या बाबतीतही हे झाले. एकाच पंक्तीत बसविलेल्या या तिघांत एकीची संमती कधी घेतलीच नव्हती, हे शास्त्र सांगणाऱ्यांस दिसले नाही असे नाही. दिसूनही ते बोलले नाहीत, असे आम्ही म्हणतो.

इंदूरच्या भूमीत हे अधिकच टोचते. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव होळकर पडले आणि अहिल्याबाईंस वैधव्य आले. १७६७ पासून १७९५ पर्यंत राज्याचा गाडा त्यांनी हाकला. काशीपासून रामेश्वरापर्यंत देवळे व घाट यांस त्यांचा हात लागला. त्यांच्या सर्वपरिचित चित्रांत पांढरे वस्त्र व हाती शिवलिंग असते. ज्या बाईच्या दानावर सबंध हिंदुस्थानातील देवांचे नैवेद्य चालले, तिला त्या नैवेद्यापाठचा विडा शास्त्रार्थाने वर्ज्य होता.

१८५६ हे वर्ष या हकिकतीत दोनदा येते. त्या वर्षी जुलैमध्ये कलकत्त्यास विधवाविवाहाचा कायदा झाला आणि त्याच वर्षी लंडनमध्ये पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाने डांबरापासून जांभळा रंग काढला. कायद्याने विधवेस पुनर्विवाहाची मुभा दिली, पण त्याच्याच दुसऱ्या कलमाने पहिल्या पतीच्या मिळकतीवरील तिचा हक्क पुनर्विवाहाबरोबर काढून घेतला. शिवाय तो इंग्रजी अमलाखालील मुलखापुरता; होळकरशाहीतल्या हातोदेस तो आपोआप लागू नव्हता. पर्किनच्या रंगाला मात्र संस्थानाची हद्द आडवी आली नाही. १८६९ च्या सुमारास मंजिष्ठाचा रंगही प्रयोगशाळेत तयार झाला आणि माळव्याची आल, जिच्या मुळ्या काळ्या जमिनीत तीन-चार वर्षे पोसून मग खणावयाच्या, ती शेतातून उठली. विल्यम हंटरने १७९५ साली ज्या झाडावर निबंध लिहिला ते झाड आता शेतकऱ्यास ओळखूही येत नाही. लाख टिकली, पण राळेसाठी. तिचा रंग धुऊन गटारात सोडण्याची पाळी आली.

घरी ओठांचा रंग करू पाहणाऱ्यांनी दोन लाल वस्तूंपासून दूर राहावे. शेंदूर शिशाचा असतो व हिंगूळ पाऱ्याचा. मारुतीच्या अंगावर शोभतो म्हणून शेंदूर आपल्या तोंडात जाऊ देऊ नये. घरच्या कुंकवात हळदीला टाकणखाराचा संस्कार असतो, तेही कपाळापुरतेच. १९४० च्या औषधांच्या कायद्यात १९६२ साली सौंदर्यप्रसाधनांचा समावेश झाला, आणि शिसे वा सोमल यांची संयुगे रंगासाठी वापरण्यास त्याखालील नियमांनी मनाई केली. ही बंधने विक्रीसाठी माल करणाऱ्यांवर आहेत. स्वतःच्या ओठांपुरती डबी करणाऱ्या गृहिणीस परवाना लागत नाही. तिच्यावर देखरेख तिची तिनेच ठेवावयाची.

आमच्या कोकणी वाचकांस मेणासाठी पोळे शोधण्याचीही गरज नाही. भिरंडांची सोलां वाळवून झाल्यावर ज्या बिया उरतात त्यांचे भिरंडेल, मालवणाकडचे मुठेल, थंडीत फुटलेल्या ओठांना आणि टाचांना लावण्याची रीत गोव्यापासून कारवारपर्यंत घरोघर आहे. ते थंडीत दगडासारखे घट्ट असते आणि बोटाने घासले की ओठावर पसरते. माळव्याच्या लाखेचा हात आधी व कोकणच्या भिरंडेलाचा हात वर, एवढा फरक केला म्हणजे 'जयमङ्गला'कारांचा क्रम जसाच्या तसा राहतो.